ॲसिडने घासलेली भिंत पुढच्या पावसाळ्यात आणखी हिरवी का होते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात दांडिया बाजारात जुनं घर आहे. पुढचा भाग विटा-चुन्याचा, मागचा नंतर बांधलेला, आरसीसी आणि सिमेंटच्या गिलाव्याचा. दर दिवाळीआधी रंगारी ॲसिड ओतून तारेच्या ब्रशने भिंत घासतो, वर रंग मारतो, आणि पुढच्या जन्माष्टमीपर्यंत मागची भिंत पुन्हा हिरवीगार. यंदा अगाशीच्या कठड्यावरून काळे ओघळ उतरले आहेत आणि जोत्याजवळ मऊ हिरव्या गाद्या धरल्या आहेत. कोणतं केमिकल मारायचं, प्रेशर वॉशर भाड्याने आणायचा का, आणि अंगणात तुळस व पाळलेला कुत्रा आहे त्यांना काही होईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी उत्तर देतो, मग कारणं. ॲसिड बंद करा आणि तारेचा ब्रश भंगारात द्या. मागच्या सिमेंटच्या भिंतीवर पातळ केलेला हायपो, म्हणजे ब्लीचचं द्रावण, चालेल. पुढच्या चुन्याच्या भिंतीवर तो नको, तिथे बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक वापरा. प्रेशर वॉशर मागे जपून, पुढे अजिबात नाही. पण यातलं काहीही आणण्यापूर्वी भिंतीवर पाणी कुठून येतंय ते शोधा. दर वर्षीच्या घासण्याने तुमची भिंत स्वच्छ होत नाहीये, शेवाळाला राहायला अधिक सोयीची होत चालली आहे. रंगाऱ्याला नावं ठेवायची म्हणून हे म्हणत नाही. त्याला दोन दिवसांत भिंत उजळ करून दाखवायची असते, आणि ॲसिड ते काम चोख करतं.

आता ते नेमकं काय बिघडवतं ते बघू. सिमेंटचा गिलावा म्हणजे वाळूचे कण आणि त्यांना धरून ठेवणारी सिमेंटची खळ. ही खळ कॅल्शियमच्या संयुगांची असते आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड तिलाच विरघळवतं. घासताना जो फेस येतो तो शेवाळाचा नसतो, तुमच्या गिलाव्याचा असतो. वरची गुळगुळीत साय गेली की वाळू उघडी पडते, भिंत हाताला खरखरीत लागते, आणि प्रत्येक खड्ड्यात धूळ, पाणी आणि बीजाणू बसायला जागा होते. त्यात ॲसिडचे क्लोराइड क्षार आत उरतात. छज्जा किंवा कॉलमसारख्या ठिकाणी, जिथे सळई पृष्ठभागापासून फार आत नसते, तिथे हेच क्षार तिला गंजवायला मदत करतात. चुन्याच्या गिलाव्यात तर सगळा भारच कॅल्शियम कार्बोनेटवर असतो. तिथे ॲसिड म्हणजे सरळ भिंत खाणं.

तारेच्या ब्रशचं पाप वेगळं. त्याच्या तुटलेल्या बारीक तारा गिलाव्यात रुततात आणि पुढच्या पावसात तांबूस ठिपके होऊन उगवतात. मग लोक विचारतात, भिंतीला हा नवीन कसला रोग?

बऱ्याच जणांच्या मनात आणखी एक शंका असते. नवीन घराची भिंत पहिली काही वर्षं स्वच्छ राहते, मग एकदम हिरवी का व्हायला लागते? ताजा सिमेंटचा किंवा चुन्याचा पृष्ठभाग अतिशय अल्कधर्मी असतो, त्याचा सामू (pH) १२ च्या वर असतो. त्यात शेवाळ तग धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू त्या चुन्याशी संयोग पावतो, सामू ९ च्या आसपास उतरतो, आणि मग भिंत राहण्याजोगी होते. आपले आजोबा दर वर्षी चुन्याची सफेदी करत, ती नुसती दिसण्यासाठी नव्हती. त्या नव्या थराने भिंत काही महिने तरी पुन्हा अल्कधर्मी व्हायची.

भिंतीवर जे वाढतं ते सगळं एकच नसतं, आणि ओळखायला दोन मिनिटं लागतात. पातळ, हिरवट, ओल्या हाताला बुळबुळीत लागतं ते हिरवं शैवाल. मखमली गादीसारखं, खाली मातीचा थर धरून बसलेलं ते मॉस. त्याला खरी मुळं नसतात, केसासारखे तंतू असतात; म्हणून ते गिलाव्यात खोल शिरत नाही, पण स्पंजसारखं पाणी धरून ठेवतं आणि खालची भिंत वाळू देत नाही. सावलीतल्या भिंतीवर कधी गेरूसारखा नारिंगी थर दिसतो, तोही शैवालाचाच एक प्रकार आहे; त्यातल्या कॅरोटीनमुळे हिरवा रंग झाकला जातो. राखाडी, चिकटून बसलेले चट्टे म्हणजे दगडफूल, मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद.

आणि तुमच्या कठड्यावरचे काळे ओघळ. याला बहुतेक जण धूर किंवा धूळ समजतात. आपल्याकडच्या भिंतींवर तो बहुतेक वेळा नील-हरित जीवाणूंचा थर असतो. कडक उन्हापासून वाचण्यासाठी ते आपल्याभोवती गडद रंगद्रव्याचं आवरण करतात, त्यामुळे उन्हाळ्यात काळे आणि मेलेले दिसतात. मेलेले नसतात. वैशाखातल्या चाळीस-बेचाळीस अंशांतही ते सुकून पडून राहतात आणि पहिल्या पावसात पुन्हा कामाला लागतात. खात्री करायची असेल तर काळ्या जागी हायपोचा एक थेंब टाका. काही मिनिटांत डाग फिका पडला तर तो सजीवांचा थर होता. तसाच राहिला तर धूर, डांबर किंवा धूळ.

आता पाण्याचं बघू, कारण खरं काम इथे आहे. छत्री घेऊन पावसात घराभोवती एक चक्कर मारा. कोरड्या दिवशी भिंतीकडे बघून जे अंदाज बांधावे लागतात ते पावसात समोर वाहताना दिसतात.

सर्वात आधी कठड्याचा माथा बघा. बडोद्यातल्या बऱ्याच घरांत तो सपाट असतो किंवा चुकून बाहेरच्या बाजूला उतरता असतो. वर पडलेला प्रत्येक थेंब धूळ घेऊन भिंतीवरून खाली येतो, तेच तुमचे काळे ओघळ. माथ्याला उतार आतल्या बाजूला, अगाशीकडे हवा, आणि वर कोटा किंवा ग्रॅनाइटची पट्टी दोन्ही बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर पुढे काढून बसवलेली हवी. त्या पट्टीच्या बुडाला, कडेपासून थोडं आत, बोटभर रुंदीची खाच हवी. छज्ज्यालाही खालून तशीच खाच लागते. ती नसली की पाणी कडेवरून गळण्याऐवजी बुडाला चिकटून उलट भिंतीकडे सरकतं. हा खर्च एकदाच होतो, आणि तो टाळून मारलेला कुठलाही महागडा रंग तिथे टिकत नाही.

मग एसीच्या नळीकडे बघा. मे महिन्यात, एक थेंब पाऊस नसताना, भिंतीवर हिरवा पट्टा दिसला तर वर मान करा. नव्वद टक्के वेळा तिथे एसीची नळी भिंतीवर सोडलेली असते. ती पावसाळी पाइपात नेऊन जोडा. टाकीचा ओव्हरफ्लो तपासा. सकाळी मोटर सुरू करून विसरण्याची सवय ज्या घरात आहे तिथे टाकीखालची भिंत बारा महिने ओली असते, आणि त्याला शेवाळनाशक हा उपाय नाही, टाकी भरली की मोटर बंद करणारा फ्लोट स्विच आहे. पावसाळी पाइपाचे सांधे बघा. पाइपाच्या मागची भिंत हाताने चाचपून बघा, कारण गळती नेहमी मागच्या बाजूला असते जिथे नजर जात नाही.

खालच्या गाद्यांचं कारण बहुधा जोत्याशी आहे. जुन्या घरांत अंगण दर काही वर्षांनी वर येतं: आधी फरशी, तिच्यावर कोबा, त्यावर पेव्हर ब्लॉक. जोतं हळूहळू पुरलं जातं आणि जमिनीवर आपटून उडणारं पाणी थेट भिंतीवर येतं. जमिनीपासून साधारण ३० ते ४५ सेंटिमीटरचा पट्टाच तेवढा हिरवा असेल तर ते उडणारं पाणी आहे. भिंतीलगत अर्धा-पाऊण फूट रुंदीची पट्टी उकरून त्यात जाड खडी भरा. खडीवर पडलेला थेंब उडत नाही. कुंड्या भिंतीपासून हातभर लांब ठेवा. हिरवा पट्टा त्याहून वर चढत असेल, कडेला पांढरा खार फुटत असेल आणि उन्हाळ्यातही ओल जात नसेल, तर ओल जमिनीतून वर चढते आहे. तो वेगळा आजार आहे आणि शेवाळ काढून तो बरा होणार नाही.

बडोद्याला यात एक जादा गोष्ट आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा सखल भागांतल्या घरांत पाणी शिरून राहिलं. ते ओसरताना भिंतीवर आणि सांध्यांत बारीक गाळ सोडून गेलं. मॉसला याहून चांगला बिछाना मिळत नाही. ज्या घरांत तेव्हा पाणी होतं त्यांनी भिंतीवर आडवी रेघ कुठपर्यंत आहे ते बघावं. मॉस त्या रेघेखालीच जास्त असेल तर केमिकलच्या आधी साध्या पाण्याने आणि काथ्याच्या ब्रशने गाळ काढणं हेच अर्धं काम आहे.

तुमची मागची भिंत उत्तरेची आहे असं तुम्ही लिहिलंत. बडोदं कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला. उन्हाळ्यात सूर्य सकाळ-संध्याकाळ उत्तरेकडे कलतो तेव्हा त्या भिंतीला थोडं ऊन मिळतं, पण सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिच्यावर थेट ऊन पडतच नाही. म्हणजे पाऊस थांबतो आणि भिंत वाळायला हवी असते, नेमकं तेव्हाच ऊन जातं. त्यातून शेजारच्या भिंतीशी अंतर चार-पाच फूट असेल तर वाराही नाही. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचे सपकारे जास्त बसतात, तरी ती दुपारच्या उन्हात वाळून निघते. हिरवी होते ती ही मागची. म्हणून तिथे रंगाची घाई करायची नाही. त्याबद्दल खाली लिहितो.

मागच्या भिंतीसाठी कृती. ऑक्टोबरात पाऊस थांबल्यावर, शेवाळ अजून ओलं आणि जिवंत असताना औषध मारायचं. सुकून झोपलेल्या थरावर औषधाचा असर कमी होतो, म्हणून मे महिन्यात मारणार असाल तर आदल्या दिवशी भिंतीवर पाणी शिंपडून ठेवा. पुढचा एक दिवस पाऊस नको. जाड मॉस आधी प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने काढा आणि खाली गोणपाट पसरून गोळा करा. हायपो सेंद्रिय घाणीवरच संपतो, गादीच्या तळापर्यंत पोचत नाही.

हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, बडोद्यात मिळायला सोपा. शहराजवळ रणोलीलाच क्लोरीन आणि कॉस्टिक सोड्याचा मोठा कारखाना आहे, आणि केमिकलच्या दुकानांत तो कॅनमध्ये सुटा मिळतो. त्याची ताकद नवा असताना १० ते १२ टक्के असते, पण उन्हात आणि उकाड्यात भराभर उतरते. पारदर्शक बाटलीत, उन्हात ठेवलेला जुना माल घेऊ नका. भिंतीवर एक ते दीड टक्का पुरतो: एक भाग हायपो, सात ते नऊ भाग पाणी. किराणा दुकानातल्या घरगुती ब्लीचची ताकद साधारण ४ ते ५ टक्के असते, त्याला तीन भाग पाणी. हायपो न मिळाल्यास ब्लीचिंग पावडर चालते. चांगल्या पावडरीत ३० टक्क्यांच्या आसपास उपलब्ध क्लोरीन असतो, म्हणून एक किलोला २० ते ३० लिटर पाणी. तासभर बसू द्या आणि वरची नितळ निवळी तेवढी घ्या. खालचा चुन्याचा गाळ भिंतीवर गेला तर पांढरे ओघळ राहतात.

बागेच्या फवारणी पंपाने खालून वर मारत जा. वरून खाली मारलं तर पहिले ओघळ कोरड्या भागावर उतरून पट्टे पाडतात. लिटरला चार-पाच चौरस मीटर धरा. खरखरीत भिंत जास्त पिईल. दहा ते पंधरा मिनिटं ओलं राहू द्या, मग नायलॉनच्या किंवा काथ्याच्या ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. रंग लगेच उडतो, म्हणून काम झालं असं वाटतं. रंग उडणं आणि मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छिद्रांत खोल बसलेल्या पेशी वाचतात. म्हणून आठवड्याने भिंत पुन्हा नीट बघा, हिरवट छटा राहिली असेल तिथे दुसरा हात मारा.

आणि आता जी गोष्ट मी मजुरांना प्रत्येक साइटवर काम सुरू होण्याआधी सांगतो ती: हायपो आणि ॲसिड एका दिवशी, एका बादलीत, एका भिंतीवर येता कामा नयेत. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो. संडास साफ करायच्या ॲसिडचाही यात समावेश आहे. अमोनियाही नाही, त्यातूनही विषारी वायू निघतो. तुमच्या घरात रंगाऱ्याने उरलेलं ॲसिड कुठेतरी ठेवलं असेल तर ते आधी बाहेर काढा. घरांमधल्या अरुंद बोळात तर ही चूक जिवावर बेतू शकते, कारण क्लोरीन हवेपेक्षा जड असतो आणि तिथेच साचतो. हातमोजे, चष्मा, जुने कपडे. कापडी मास्कने क्लोरीन अडत नाही, म्हणून वाऱ्याकडे पाठ करून काम करा.

तुळस हलवता येत असेल तर हलवा. वृंदावन पक्कं असेल तर आधी झाडाला आणि मातीला भरपूर पाणी घाला, मग प्लास्टिकने झाका, काम झाल्यावर काढून पुन्हा धुवा. आधी पाण्याने तृप्त झालेली माती अंगावर पडलेले शिंतोडे पातळ करते. कुत्र्याला भिंत आणि अंगण धुऊन वाळेपर्यंत आत ठेवा, कारण जमिनीवरचं पाणी तो चाटतो आणि पंजे चाटतो. अंगणात वापरातली विहीर किंवा माशांचं टाकं असेल तर धुतलेलं पाणी तिकडे जाऊ देऊ नका. खाली जे लिहिलंय ते बेंझाल्कोनियमही माशांना घातक.

पुढच्या चुन्याच्या भागात हायपो का नको? तो सुकल्यावर मागे मीठ उरतं. सिमेंटच्या भिंतीवरून ते धुऊन बरंचसं जातं. चुना आणि जुनी भाजणीची वीट मात्र पाणी पितात, मीठ आत घेतात, आणि ते आत स्फटिक होऊन फुगलं की विटेचे पापुद्रे निघतात. तिथे बेंझाल्कोनियम क्लोराइड घ्या; कोंबड्यांच्या आणि मत्स्यशेतीच्या औषधांच्या दुकानांत ५० टक्क्यांचं द्रावण मिळतं, लिटरभर पाण्यात ४० मिलिलिटर घातलं की २ टक्के होतं. एक काळजी घ्या: यात साबण किंवा कपडे धुण्याची पावडर मिसळू नका. आपल्याकडचे बहुतेक साबण याला निकामी करतात, आणि 'चांगलं घासलं जाईल' म्हणून मजूर हमखास मूठभर पावडर टाकतो. पंपाने हलका हात मारून सोडून द्या. हे औषध सावकाश काम करतं. हिरवं दोन-चार दिवसांत तपकिरी पडतं, नंतर मॉस वाळून सुटतं. आठवडाभर धुवायचंच नाही. मग कोरड्या मऊ ब्रशने, लहान मुलाचे केस विंचरावेत इतक्या हलक्या हाताने झाडून काढा. ज्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, रिकाम्या दिसतील त्या चुन्याच्या मालाने भरा, सिमेंटने नाही. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चढवलं की आतली ओल बाहेर येण्याची वाट बंद होते आणि ती बाजूच्या विटा फोडून बाहेर पडते.

वर चुन्याची सफेदी उत्तम. काही गवंडी त्यात मोरचूद घालतात. तांब्यामुळे शेवाळ काही काळ दबतं हे खरं, पण निळसर डाग पडतात, लोखंडी गज आणि बिजागऱ्या गंजतात, आणि अंगणातलं पाणी कुठे जातं याचा हिशेब ठेवावा लागतो. मी आता घालत नाही.

तुमचं घर दांडिया बाजारात म्हणून एक गोष्ट विचारून ठेवा. त्या भागातला तांबेकर वाडा केंद्र संरक्षित वास्तू आहे. अशा वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी असते आणि दुरुस्ती-नूतनीकरणालाही सक्षम प्राधिकरणाची परवानगी लागते. भिंत धुण्याला नाही, पण पुढचा गिलावा काढून नव्याने करायचा विचार असेल आणि तुम्ही त्या अंतरात असाल, तर कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी ते तपासा.

प्रेशर वॉशर. भाड्याने मिळणारी यंत्रं १००-१३० बारच्या घरातली असतात. मागच्या भिंतीवर, शेवाळ मेल्यानंतर, पंख्यासारखी फवारणी करणारं तोंड लावून, फूटभर अंतरावरून, फक्त धुण्यापुरतं वापरा. टोकदार धारेने जिवंत शेवाळ उडवायला गेलात तर गिलाव्यावर नक्षी उमटते, चिरांतून पाणी आत शिरतं आणि बीजाणू शेजारच्या कोरड्या भिंतीवर जाऊन बसतात. खिडकीच्या चौकटीभोवती आणि वीजमीटरजवळ तर नकोच. चुन्याच्या भिंतीवर त्याने एका दुपारी दर्जा रिकाम्या होतात.

भिंतीत पिंपळ किंवा वड उगवला असेल तर मॉसच्या नादात तो ओढून काढू नका. पान-दोन पानांचा असेल तर निघतो. बोटाएवढं खोड झालं असेल तर ओढताना विटा घेऊन येतो. कापून, ताज्या कापावर तणनाशक लावून, मुळं सुकल्यावर तो सांधा उघडून भरायचा. मॉस जिथे माती धरून बसतं तिथेच पक्ष्यांनी टाकलेलं बी रुजतं, म्हणून कठड्यावरचं मॉस काढायला माझा आग्रह असतो.

आता रंग. बडोद्यात सगळ्यांना दिवाळीला घर रंगवलेलं हवं असतं, आणि माझं याबाबतचं म्हणणं कोणाला आवडत नाही. जून ते सप्टेंबर पाणी प्यालेली उत्तरेची भिंत, ज्यावर ऊन नाही, ती ऑक्टोबरात रंगासाठी तयार नसते. वरून कोरडी दिसते. दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि एक दिवस राहू द्या. आतून बाष्प धरलं किंवा भिंत गडद झाली तर थांबा. दिवाळीला पुढची बाजू आणि घराच्या आतली कामं करा, मागची भिंत डिसेंबर-जानेवारीत रंगवा. पाहुणे काही मागच्या बोळात फराळाला बसत नाहीत. ओल्या भिंतीवर मारलेल्या रंगाला फोड येतात, फोडामागे पाणी साचतं, आणि पुढच्या वर्षी त्या पोपड्यांच्या आत शेवाळ सापडतं.

तुमच्या ॲसिडने खरखरीत झालेल्या भिंतीला नुसता रंग पुरणार नाही. वाळू सुटत असलेला भाग ब्रशने झाडून, बाहेरच्या वापराची सिमेंटवर आधारित पुटी पातळ ओढून पृष्ठभाग पुन्हा बंद करा. पुटी मेलेल्या शेवाळावर ओढू नका, नाहीतर ती शेवाळासकट सुटते. मग बाहेरचं प्रायमर आणि शेवाळरोधक ॲक्रिलिक इमल्शनचे दोन हात. डिस्टेंपर बाहेर नाही, कोणी कितीही स्वस्त म्हणालं तरी. डब्यावर शेवाळरोधक असं लिहिलेलं असतं ते खोटं नाही, पण ते औषध रंगातून पावसाच्या पाण्याबरोबर हळूहळू झिरपून जातं. त्याचं काम तसंच चालतं. कठड्याखाली पाणी सतत उतरत असेल तर तिथे ते सर्वात आधी संपणार. म्हणून दुकानदार सात वर्षांची हमी सांगतो तेव्हा ती रंगाच्या पापुद्र्याची आहे की शेवाळाची, हे छापील कागदावर वाचून घ्या.

उघड्या विटेचा किंवा दगडाचा भाग असेल तर रंगाऐवजी सिलेन-सिलोक्सेनचं पाणीरोधक मारता येतं. त्याने वाफ बाहेर जाऊ शकते, पाणी आत येत नाही. पण भिंत पूर्ण वाळल्यावर आणि खार नसल्यासच.

ओट्यावर आणि न्हाणीबाहेरच्या फरशीवर सासूबाई घसरतात असं तुम्ही शेवटी लिहिलं आहे. ते आजच करा, ऑक्टोबरची वाट बघू नका. वर सांगितलेली ब्लीचिंगची निवळी टाकून पंधरा मिनिटांनी खराट्याने घासून धुवा, आणि पावसाळाभर दर पंधरवड्याला पुन्हा. शहाबादी फरशीवर ॲसिड टाकू नका, तोही चुनखडीचाच दगड आहे.

बागेकडच्या कंपाउंडच्या भिंतीवर जे मॉस आहे, त्याला मी तुमच्या जागी हात लावला नसता. ती भिंत कशाचा भार घेत नाही, घराला चिकटलेली नाही, आणि दिसते छान. फक्त माथ्यावर पिंपळ उगवत नाही ना, एवढं श्रावणात एकदा बघा.

पहिल्या दुरुस्तीसाठी पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवा: कठड्याचा माथा आणि खाच, एसीची नळी व टाकी, जोत्यालगतची खडी, मग औषध, आणि रंग सर्वात शेवटी. मागच्या बोळात शेजाऱ्यांची पन्हाळ तुमच्या भिंतीवर पडत असेल तर पाऊस चालू असतानाच त्यांना बोलावून दाखवा. कोरड्या दिवशी ते कोणी मान्य करत नाही.